विमेदाराचे सत्य आणि वारसांचा हक्क

आयुर्विम्याच्या करारात शब्द देणारा एक असतो आणि त्या शब्दाचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडते. करावे तसे भरावे हा नीतीचा रूढ नियम येथे अपुरा पडतो. विमेदाराने प्रस्ताव अर्जात मधुमेह लपवला, तर दावा नाकारला जातो तो त्याच्या पत्नीचा किंवा मुलांचा. चूक मृताची असताना तिची झळ निरपराधांना का, हा विम्याच्या अटींमागचा खरा नैतिक प्रश्न आहे.

कंपनीचा युक्तिवाद निराधार नाही. विमेदाराची प्रकृती, व्यसने, आधीचे आजार त्यालाच ठाऊक असतात. कंपनी त्याच्या उत्तरांवर विसंबून हप्ता ठरवते. इंग्लंडमध्ये १७६६ साली ‘कार्टर विरुद्ध बोहम’ खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी हेच तत्त्व मांडले. शिवाय दाव्यांचा पैसा सर्व विमेदारांच्या हप्त्यांतून येतो. एकाचे असत्य खपवून घेतले, तर त्याचा भार प्रामाणिक माणसांवर पडतो.

तरीही या अधिकाराला मर्यादा हवी. भारतात विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ ने ती घातली आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसी दिल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेव्हापासून, तीन वर्षे उलटली की कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. त्याआधीही कायदा हेतू पाहतो. महत्त्वाची माहिती दडवली, पण कपट नव्हते, असे असेल तर दावा नाकारताना भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. कपटाचा आरोप असेल, तर विमेदाराचा फसवण्याचा हेतू नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्या पश्चात लाभार्थींवर येते. जो बोलू शकत नाही त्याच्या मनाची साक्ष जिवंतांनी द्यायची, ही यातली सर्वांत कठोर बाब आहे.

आत्महत्येच्या अटीतही काळ आणि हेतू यांचीच सांगड आहे. पॉलिसी सुरू किंवा पुन्हा चालू झाल्यापासून १२ महिन्यांत असा मृत्यू झाल्यास पूर्ण विमारक्कम मिळत नाही. पॉलिसी चालू असेल, तर नॉमिनीला साधारणतः भरलेल्या हप्त्यांच्या किमान ८० टक्के किंवा सरेंडर मूल्य, यांतील मोठी रक्कम मिळते. मृत्यूचे ठरवूनच विमा घेतला जाऊ नये, एवढाच या अटीचा उद्देश. वर्षानंतरच्या अशा मृत्यूमागे पैशाचा बेत होता असे कायम मानणे म्हणजे दुःखी कुटुंबावर अविश्वास दाखवणे होय. म्हणून पुढे पूर्ण रक्कम दिली जाते.

विम्याची अट न्याय्य ठरते ती या कसोटीवर: तिने समूहाला फसवणुकीपासून वाचवावे, पण वारसांच्या डोक्यावर संशयाची तलवार कायम टांगती ठेवू नये. विमेदाराचे कर्तव्य त्याहून सोपे आणि आधीचे आहे. अर्ज एजंटाने भरला तरी खाली सही त्याची असते. म्हणून प्रत्येक उत्तर स्वतः वाचून, खरे तेच लिहिणे ही घरच्यांप्रती असलेली जबाबदारी ठरते.