आधी पाय, मग पट

दहावीच्या निकालानंतर लातूर-नांदेडकडच्या कितीतरी घरांत मुलं दुर्बिणीचा हट्ट धरतात. घ्यायचं ठरतं, आणि खोक्यावर ठळक छापलेला आकडा समोर येतो: ५२५ पट! घरचे सगळे त्यालाच भुलतात. खरं तर दुर्बीण निवडताना सगळ्यात शेवटी पाहावा असा हा आकडा.

त्यामागचं गणित आपल्याकडच्या बारावीच्या मुलांना तोंडपाठ असतं. पुढच्या भिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतरानं भागायचं. भिंगाचं अंतर ७०० मिलिमीटर असेल तर २५ ची नेत्रिका लावून २८ पट, १० ची लावून ७० पट. ४ ची लावली आणि तिप्पट करणारं बार्लो भिंग जोडलं, की भरले ५२५. भागाकार बरोबर आहे. पण ७० मिलिमीटर रुंदीच्या भिंगातून आत येणारा प्रकाश तेवढाच राहतो. भिंगाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, म्हणजे १४० पटींपर्यंत चित्र टिकतं. त्यापुढे ते नुसतं ताणलं जातं, काळवंडतं. नवं काहीच दिसत नाही. गॅलिलिओला १६१० मध्ये गुरूचे चंद्र दिसले ते वीसेक पटींच्या दुर्बिणीतून, आणि तिचं भिंग याहून लहान होतं.

म्हणून पाहायची ती भिंगाची रुंदी आणि तिवई. तिवई लेचीपेची असेल तर ७० पटींवर चंद्र धरून फोकसच्या चाकाला नुसतं बोट लावलं तरी तो थरथरत नजरेबाहेर जातो. जितके पट, तितकी थरथरही मोठी. उपाय साधे आहेत. तिवईचे पाय आखूडच ठेवावेत, मधोमध वाळूची पिशवी टांगावी, स्टुलावर बसून पाहावं. गच्चीपेक्षा अंगण किंवा शेत बरं. आपल्याकडचा स्लॅब उन्हाळ्यात इतका तापतो की रात्री उशिरापर्यंत त्यातून झळा येतात आणि चित्र उकळत राहतं. पहाटे मात्र हवा निवलेली असते.

वद्य अष्टमीच्या पहाटे अर्धा चंद्र माथ्याकडे आलेला असतो. २८ पटींवर तो अख्खा मावतो. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर नजर ठेवावी. आपल्याकडे उजाडायला आलेलं असतं, त्या सीमेवर मात्र सूर्य मावळत असतो. विवरांच्या कडांच्या सावल्या लांबलचक पडतात, आणि एरवी सपाट वाटणारा चंद्र उंचसखल होतो. सूर्य उगवण्याआधी मात्र भिंगावर झाकण घालायचंच. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. नेत्रिकेवर बसवायच्या काळ्या काचेचाही भरवसा धरू नये; ती उष्णतेनं तडकते.

आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १९०१ मध्ये, नवाब जफर जंग यांनी हैदराबादेत वेधशाळा सुरू केली. तीच निजामिया वेधशाळा. तिथल्या ८ इंची भिंगाच्या दुर्बिणीनं वर्षानुवर्षं आकाशाची छायाचित्रं काचांवर टिपली, आणि त्यावरून लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या गेल्या. एकेक काच मिनिटंच्या मिनिटं उघडी ठेवावी लागे, आणि तेवढा वेळ दुर्बिणीला ताऱ्यासोबत न डगमगता सरकावं लागे. ती डगमगली की ताऱ्याचा ठिपका फिसकटे. एवढं मोठं काम झालं ते नुसत्या भिंगाच्या बळावर नव्हे, त्याला धरून ठेवणाऱ्या बैठकीच्याही बळावर.

मूल किती पुढे जाईल हे आकड्यांत मोजायची सवय आपल्या दोन्ही शहरांना लागली आहे. आकडे लागतातच. पण त्याआधी त्याला एका जागी ठाम उभं राहता यावं, एकाच गोष्टीकडे पुरेसा वेळ पाहता यावं, ती सरकली तर शांतपणे पुन्हा शोधता यावी. हे आलं की २८ पटींतही पुष्कळ दिसतं. नाही आलं तर ५२५ पटींतही हाती धूसरपणाच येतो. नेत्रिका पुढे केव्हाही बदलता येते. पाय मात्र पहिल्या दिवशीच पारखून घ्यावे लागतात.