मोडीतला देव

कार्ल्याची एकवीरा ही कोळ्यांची, तशीच कित्येक प्रभू कुटुंबांचीही कुलदेवता. लोणावळ्याजवळच्या त्या डोंगरावर जाणे वर्षाकाठी एखाद वेळ घडते. एरवी ती देवघरात चांदीच्या टाकाच्या रूपाने असते. अडचणीच्या दिवसांत हाच टाक सराफाकडे जातो आणि तेथे मोड ठरतो. मग एखादा संग्राहक तो विकत घेतो. त्याने देव वाचवला, की देव्हाऱ्यातून कायमचा उठवला?

तो म्हणेल, मी नसतो तर टाक मुशीत गेला असता. खरे आहे. परंतु मुशीचे भय आपल्या वाडवडिलांना नव्हते. झिजलेला टाक आटवून त्याच चांदीचा नवा घडवावा, ही रीत कित्येक घरांत आहे. इथिओपियात तर मारिया थेरेसा राणीची, १७८० साल कोरलेली नाणी आटवून गळ्यातले क्रूस घडवीत. तेथे नाणे पूज्य झाले. येथे पूज्य वस्तूचे नाणे होते.

दिनकर केळकरांनी पुण्यात जन्मभर जमवलेला संग्रह १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला. अशा माणसाला लोभी कोण म्हणेल? मला खटकते ते निराळेच. टाकावरचे नाकडोळे पुसट होतात ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्नानाने, पुसण्याने. संग्राहक त्या झिजेचे कौतुक करतो, पण ते हात कुठल्या घरचे, हे बहुधा विचारीत नाही. विचारून लिहून ठेवले, तर न जाणो, एखाद दिवशी त्या घरची सून दाराशी येऊन म्हणायची, "आमची देवी परत द्या, पैसे आणले आहेत." तेव्हा तो कोणता भाव सांगेल?