भोगलेल्याचा वाटा

ज्याने दुखणे भोगले त्याने लशीच्या रांगेत मागे उभे राहावे काय? एरवी हा प्रश्न कोणी विचारला नसता. पण 2021 साली आम्हा वऱ्हाडकरांपुढे तो घराघरांत येऊन बसला. त्या वर्षी करोनाची दुसरी लाट अमरावती-अकोल्याकडे पुष्कळांच्या आधी आली. 22 फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपूर बंद झाले, आणि आठवड्याभराने, 1 मार्चपासून, साठीपुढच्यांना लस मिळू लागली. तापातून नुकताच उठलेला आणि तापाने अद्याप न गाठलेला, असे दोघेही एकाच ओसरीवर बसलेले असत.

शेजारचे एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, "मास्तर, मले त होऊन गेला. आता लस कायले?" अकोल्याची माझी आत्याही त्या दुखण्यातून उठली होती. तिचे म्हणणे नेमके उलटे. "म्या भोगलं, अन् मांगंबी मीच राहू काय?"

शेतकरीबुवा गोवराच्या हिशेबाने बोलत होते. फेरो बेटांवर 1846 मध्ये गोवर आला, तेव्हा 1781 च्या साथीत तो भोगलेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही, असे पानुम नावाच्या डॅनिश डॉक्टराने नोंदवून ठेवले आहे. करोना इतका सरळ नव्हे. तो पुन्हा होतो. 2022 च्या आरंभी ओमायक्रॉनने ते घरोघर दाखवून दिले. तेव्हा "मला नकोच" हे काही खरे नव्हते.

माझे शास्त्र मॅट्रिकपुरतेच. तरी पुढची गोष्ट मास्तराला चटकन कळते. विषाणूशी एकदा झुंजलेल्या शरीरात स्मृतिपेशी मागे राहतात. रक्तातली प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात, पण ओळख राहते. अशा शरीराला लशीचा पहिला डोस हा नवा धडा नसतो, उजळणी असते. त्या वर्षाच्या आरंभीच्या अभ्यासांत असे आढळले की, आजार होऊन गेलेल्याला एका डोसाने जितकी प्रतिपिंडे येतात ती कोऱ्या माणसाच्या दोन डोसांइतकी, पुष्कळदा अधिकच, असतात. फ्रान्समध्ये त्याच फेब्रुवारीत अशांना एकच डोस द्यावा अशी शिफारस झाली. आपल्याकडे दोन डोस कायम राहिले. 19 मे रोजी केंद्र सरकारने सांगितले ते इतकेच की, बरे झाल्यावर तीन महिने थांबावे.

आणि त्याच मे महिन्यात काय झाले पाहा. लस अपुरी पडली, म्हणून महाराष्ट्राने 18 ते 44 वयाच्यांचे लसीकरण थांबवले आणि त्यांच्यासाठी घेतलेल्या कुप्या 45 वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवल्या. म्हणजे कोणाची तरी दुसरी उजळणी आणि कोणाचा तरी पहिला धडा यांत निवड झाली होती. औषधांनी प्रतिकारशक्तीच दाबली गेलेली माणसे सोडली, तर माझ्या मते आजार झालेल्याचा दुसरा डोस त्या वेळी तरुणाकडे जायला हवा होता.

आत्या म्हणते तो हक्काचा मुद्दा मला पटत नाही. लस ही सोसल्याबद्दलची मजुरी नव्हे. मात्र तिच्या बोलण्यातली एक अडचण मला सोडवत नाही. आजार झाला हे ठरवायचे कोणी? ज्याच्याजवळ अहवाल आहे त्याने. जिनिंगमधला हमाल चार दिवस तापात घरी पडला आणि पाचव्या दिवशी कामावर गेला, तो सरकारी वहीत कधी आजारी पडलाच नाही. 2021 च्या जून-जुलैमधल्या देशव्यापी पाहणीत 67.6 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. त्यांत लशीची किती हे सोडा, कागदावरच्या रुग्णांपेक्षा ते कितीतरी अधिक होते. त्याग मागायचा तो फक्त कागदवाल्यांकडून, हे जरा खटकते. पण हमालाला दोन डोस मिळाले म्हणून कागदवाल्याची गरज काही वाढत नाही.

हे सारे मी आत्याला समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग माह्यावाला डोस कोणाले भेटला असता? त्याचं नाव सांग."

नाव मला ठाऊक नव्हते. एवढेच म्हणालो, की तो पंचविशीचा असता, आणि त्याला अजून काहीच झालेले नसते.