एका घराला एक दिवा



मागच्या रविवारी आपण वेदीजवळच्या हिरव्या चक्रातील आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटवली. मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका चिमुरडीने मला गाठून विचारले, "फादर, येशू लहान असताना नाताळला काय करायचा?" बाकीची मुले हसली. मलाही हसू आले. पण घरी येऊन विचार केला तेव्हा वाटले, प्रश्न हसण्यासारखा नाही. नाताळ त्याला ठाऊक नव्हता हे खरे. मग हिवाळ्यातला त्याचा सण कोणता?

याचे उत्तर शुभवर्तमानात आहे, पण आपण त्यावरून भरकन पुढे जातो. योहानलिखित शुभवर्तमानाचा दहावा अध्याय म्हटला की आपल्याला उत्तम मेंढपाळ आठवतो. त्याच अध्यायात पुढे, बाविसाव्या आणि तेविसाव्या वचनांत, योहान सांगतो की यरुशलेममध्ये समर्पणाचा सण होता, हिवाळ्याचे दिवस होते आणि येशू मंदिरात शलमोनाच्या देवडीत फिरत होता. तो समर्पणाचा सण म्हणजे यहुदी बांधवांचा हनुक्का. साधारणपणे आपल्या आगमनकाळाच्या आसपासच तो येतो. आठ संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत आठव्या दिवशी आठ.

हा सण कशाचा, ते समजून घ्यायला आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या बायबलमधला मक्काबी हा ग्रंथ उघडला की पुरे. आपल्यापैकी अनेकांना मक्काबी माहीत आहे तो मृतांसाठीच्या प्रार्थनेमुळे. नोव्हेंबर महिन्यात त्यातला उतारा आपण ऐकतो, आणि सात मुलांसह हुतात्मा झालेल्या मातेची कथाही त्यातलीच. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात अंतियोख एपिफानस या राजाने यरुशलेमचे मंदिर लुटले, वेदीवर परक्या दैवताची वेदी उभारली आणि विटाळ केला. पण राजा मंदिरावर थांबला नाही, हे मला विशेष वाटते. त्याची माणसे घरात शिरली. शब्बाथ पाळायचा नाही, मुलांची सुंता करायची नाही, धर्मशास्त्राची गुंडाळी घरात सापडली तर मरण. मुलाची सुंता केली म्हणून आई आणि तान्हे बाळ दोघांनाही ठार मारले, असे पहिल्या मक्काबीत नोंदलेले आहे. स्वयंपाकघरात काय शिजते यावरही पहारा होता. एखाद्या समाजाचा विश्वास मोडायचा तर चूल आणि पाळणा गाठावा लागतो, हे त्या राजाला चांगले कळले होते.

यहुदा मक्काबी आणि त्याच्या भावांनी लढा दिला. ख्रिस्तपूर्व १६४ साली, किस्लेव्ह महिन्याच्या २५ तारखेला, ज्या तारखेला विटाळ झाला होता त्याच तारखेला, मंदिराचे पुन्हा समर्पण झाले. नवी वेदी बांधली, दीपवृक्षावरचे दिवे लावले आणि आठ दिवस सण केला. विटाळलेल्या जुन्या वेदीचे दगड त्यांनी फेकले नाहीत. पुढे कोणी संदेष्टा येऊन त्यांचे काय करायचे ते सांगेल म्हणून ते जपून बाजूला ठेवले. मला ही ओळ फार आवडते. ज्याचे उत्तर आज आपल्यापाशी नाही, ते देवासाठी राखून ठेवायचे!

येथे एक गंमत आहे. मक्काबीची पुस्तके यहुदी बांधवांच्या पवित्र शास्त्रात नाहीत. ती ग्रीक भाषेत आपल्या ख्रिस्तसभेने जपली. म्हणजे त्यांच्या सणाची कथा आपल्या बायबलात आणि सण त्यांच्या घरी! उलट, एका दिवसापुरते पवित्र तेल उरले होते आणि ते आठ दिवस जळले, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट मक्काबीत शोधली तर सापडत नाही. ती पुढे तालमूद या त्यांच्या धर्मचर्चेच्या महाग्रंथात आली.

इ. स. ७० साली रोमी सैन्याने मंदिर जाळले. ज्या वेदीच्या समर्पणाचा सण, ती वेदीच राहिली नाही. सण मात्र गेला नाही, कारण तो घरात उतरला होता. तालमूदमधील नियम वाचले तर याचा उलगडा होतो. मूळ नियम एवढाच: एका घराला, एका रात्री, एक दिवा. माणशी नव्हे, घराला. ज्यांना अधिक भक्तीने करायचे असेल त्यांनी घरातील प्रत्येकाचा एक लावावा. त्याहून उत्साही असतील त्यांनी रोज संख्या बदलावी. यावर दोन गुरूंच्या शिष्यांत वाद झाला. शम्मायचे शिष्य म्हणत, आठापासून सुरुवात करा आणि रोज एक कमी करा. हिल्लेलचे शिष्य म्हणत, एकापासून सुरुवात करा आणि वाढवत न्या, पवित्र गोष्टीत माणसाने चढावे, उतरू नये. यहुदी समाजाने हिल्लेलच्या शिष्यांचे ऐकले.

आणखी एक नियम असा की त्या दिव्यांचा उजेड वापरायचा नाही. त्याच्या प्रकाशात पैसे मोजायचे नाहीत, वाचायचे नाही, शिवायचे नाही. नुसते बघायचे. म्हणून दिवे पेटवायला एक वेगळा नववा दिवा असतो, त्याला शमाश म्हणजे सेवक म्हणतात. उजेड लागलाच तर तो सेवकाचा. स्त्रियांनाही हे दिवे लावण्याचे कर्तव्य सांगितले आहे, कारण त्या संकटात त्याही होत्या. दिवे जळत असतात तोवर निदान अर्धा तास घरातील बायकांनी काम हाती घ्यायचे नाही, अशी प्रथा अनेक घरांत आहे. आपल्या माताभगिनींनी ही प्रथा ऐकून सुस्कारा टाकला, तर मी त्यांना दोष देणार नाही.

यहुदी म्हटले की आपल्यापैकी कित्येकांच्या डोळ्यांसमोर दूरचा देश येतो. खरे तर ते आपल्या शेजारचे. कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. दिवेकर, पेणकर, केहिमकर अशी त्यांची आडनावे. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचे सभास्थान आहे. त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हते. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि एक प्रार्थना, एवढे त्यांनी घरातल्या घरात शेकडो वर्षे टिकवले. आणि हनुक्का? तो त्यांना ठाऊकच नव्हता! आमचे पूर्वज मक्काबींच्या आधीच मायदेशातून निघाले होते, असे ते त्याचे कारण सांगत. पुढे कोचीनच्या आणि इतर यहुदी बांधवांकडून ते हा सण शिकले. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्यांच्या घरी तेलाचा सण असा उशिरा आला, आणि त्यांनी तो आपला म्हणून घेतला. आपल्यापैकी जे म्हणतात, "फादर, आमच्या घरी ती पद्धत कधी नव्हतीच, आता कुठे सुरू करणार," त्यांच्यासाठी मी हे मुद्दाम सांगितले.

दिवा कोठे ठेवायचा, यालाही नियम आहे. दाराबाहेर, रस्त्यावरून दिसेल असा. माडीवर राहणाऱ्यांनी खिडकीत. मात्र जिवाला धोका असेल तेव्हा घरात मेजावर ठेवला तरी चालतो. ही शेवटची सवलत त्या लोकांना किती वेळा वापरावी लागली, आणि ती ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांच्या देशांतही वापरावी लागली, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

जर्मनीतील कील शहरात १९३१ च्या डिसेंबरमध्ये राहेल पोझ्नर या रब्बीच्या पत्नीने घरातून एक छायाचित्र काढले. खिडकीत हनुक्काचा दीपवृक्ष आहे, आणि काचेपलीकडे रस्त्याच्या समोरच्या इमारतीवर नाझी पक्षाचा स्वस्तिक असलेला झेंडा लोंबतो आहे. झेंडा यहुद्यांचा नाश मागतो आणि दिवा त्याला आम्ही जगणार असे उत्तर देतो, अशा अर्थाच्या ओळी तिने त्या चित्रामागे लिहिल्या. सवलत घेऊन तिला दीपवृक्ष मेजावर सरकवता आला असता. १९३३ साली ते कुटुंब देश सोडून गेले आणि वाचले, दीपवृक्षही वाचला. २०२२ च्या डिसेंबरात तिच्या नातवंडांनी तोच दीपवृक्ष बर्लिनला नेऊन जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी उजळला.

आता कोणी विचारील, मग फादर, आम्हीही घरी हनुक्काचे दिवे लावायचे का? माझे मत सांगतो. शोभेसाठी, हौसेसाठी लावू नयेत. तो सण त्यांचा आहे, त्यामागे त्यांची आसवे आहेत. आपले आगमनकाळाचे चक्रही त्यातून आलेले नाही. ते १८३९ साली हाम्बुर्गमध्ये योहान विखर्न या लूथरपंथी पाळकाने अनाथ मुलांना नाताळचे दिवस मोजता यावेत म्हणून सुरू केले. साम्य आहे ते एक एक वाढवण्याचे, एवढेच.

पण याला एक अपवाद मला मान्य आहे. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील बिलिंग्ज या गावी एका यहुदी घराच्या खिडकीवर कोणी दगड भिरकावला. खोली पाच वर्षांच्या मुलाची होती, आणि खिडकीत हनुक्काच्या दीपवृक्षाचे चित्र होते. तेव्हा तेथील ख्रिस्ती मंडळींनी मुलांकडून कागदी दीपवृक्ष करून घेतले, स्थानिक वर्तमानपत्राने पानभर चित्र छापले आणि हजारो ख्रिस्ती घरांनी ते आपापल्या खिडकीत लावले. कॅथलिक शाळेने यहुदी मित्रांना सणाच्या शुभेच्छा देणारा फलक लावला, तर त्या शाळेच्याही काचा फुटल्या. तरी खिडक्यांतील चित्रे वाढतच गेली. येथे कोणी दुसऱ्याचा सण उचलला नव्हता. दगड कोणत्या घरावर मारायचा हे मारणाऱ्याला कळू नये, म्हणून ते दीपवृक्ष होते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात प्रभूच्या मरणाचा दोष यहुदी समाजावर टाकू नये असे स्पष्ट सांगितले. त्या घोषणेचा अर्थ त्या गावाला कळला होता.

आता आपल्या घरांकडे येतो. या वर्षी घरे आशीर्वादित करायला मी फिरलो. बहुतेक घरांत अल्तार सुंदर आहेत, पूर्वीपेक्षा कितीतरी सुंदर. त्यावर विजेची माळ चोवीस तास लुकलुकते. पेटवावी लागत नाही, त्यामुळे तिच्याभोवती कोणी जमतही नाही. एका घरी आजीबाई आतल्या खोलीत खाटेवर बसून एकटीच जपमाळ करते. बाहेर टीव्ही चालू असतो आणि प्रत्येकाच्या हाती मोबाइल. तक्रार तिने केली नाही. मीच विचारले म्हणून तिने सांगितले.

मी ओरडायला बसलेलो नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता जपमाळ होई. माझे वडील फार भाविक आणि तितकेच तापट. कोणाला डुलकी लागली की पाठीत धपाटा बसे. आम्ही पाच भावंडे. त्यातला एक भाऊ आज कोणत्याच प्रार्थनेला बसत नाही. मी गुरुदीक्षा घेतली तेव्हाही तो मागच्या बाकावर बसला होता आणि उठून बाहेर गेला. त्याला त्या मेणबत्तीकडे पाहिले की धपाटाच आठवतो. वडील गेले, तेव्हा या गोष्टीवर आमचे बोलणे राहूनच गेले.

म्हणून तालमूदमधील आणखी एक निवाडा मला जवळचा वाटतो. एखादा माणूस इतका गरीब आहे की त्याला एकच दिवा परवडतो. त्याने तो हनुक्काचा म्हणून लावावा, की घरात उजेड पडावा म्हणून शब्बाथच्या संध्याकाळी लावावा? राबा नावाचे गुरू सांगतात, घराचा दिवा आधी. कारण अंधारात माणसे एकमेकांना अडखळतात, चिडतात, आणि घरातील शांती मोडते. देवाच्या चमत्काराची आठवण मागे राहिली तरी चालेल, पण घरातली शांती मोडता कामा नये! जपमाळेवरून नवराबायकोत, सासूसुनेत जेथे भांडणे होतात, त्यांनी हा निवाडा जरूर वाचावा. पाच दशके होत नसतील तर एक करा, तेही होत नसेल तर आमच्या बापाची एकच प्रार्थना म्हणा. पण सगळे मिळून म्हणा, आणि आजीला बाहेर बोलावून घ्या.

या रविवारी तिन्ही मिस्सांनंतर चर्चच्या दाराशी आशीर्वादित मेणबत्त्या ठेवलेल्या असतील. एका घराने एकच न्यावी. नाताळपर्यंत रोज संध्याकाळी दहा मिनिटे ती जळावी, तेवढ्या वेळात टीव्ही बंद असावा आणि स्वयंपाकघरातली भांडी तशीच राहू द्यावीत. पेटवण्याची पाळी घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावी, धाकट्यापासून सुरुवात करून. ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे त्यांची मेणबत्ती मी स्वतः आणून देईन. एक मेणबत्ती मी माझ्या भावासाठी बाजूला ठेवली आहे. नाताळच्या आठवड्यात त्याच्या घरी जाणार आहे, तो पेटवील की नाही ठाऊक नाही.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू