चौक लिहिणाऱ्या स्त्रिया

वाङ्मय, इतिहास व समाज यांतील स्त्रीच्या स्थानाविषयीं विद्यापीठांतून आज पुष्कळ संशोधन होतें. पण त्याचा पुरावा बहुधा कागदावरचा. डहाणू-तलासरीकडे पाहिलें म्हणजे हा दंडक आम्हांस अपुरा वाटतो. वारली लग्नांत घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक मांडून त्यांत पालघट देवी रेखण्याचें काम परंपरेनें सुवासिनींचें. आणि वारली माणूस चौक ‘लिहिला’ असेंच म्हणतो. लग्न लावणारी धवलेरीही स्त्रीच. (स्त्रीस पौरोहित्याचा अधिकार आहे कीं नाहीं, यावर आमच्या पंडितांनीं किती शाई खर्चिली!)

१९७० नंतर गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं ही कला कागदावर आणली. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, तें योग्यच झालें. परंतु ज्या हातांनीं ही लिपि घडविली त्यांचीं नांवें कोठें आहेत? त्या स्त्रियांनीं नांव मागितलेंच नव्हतें, त्यांच्या लेखीं तो विधि होता, असें कोणी म्हणेल. खरें आहे. पण ऋणको धनकोच्या मौनावर बोट ठेवूं लागला, तर त्यास आपण प्रामाणिक म्हणूं काय? गेलेलीं नांवें आतां सांपडणार नाहींत. तथापि जुन्या चौकाच्या छायाचित्राखालीं ‘अज्ञात’ असें छापण्याऐवजीं ‘वारली सुवासिनींनीं लिहिलेला’ असें छापावयास संशोधकांस कोणती अडचण आहे?