मेलबर्नची करंजी

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मेलबर्नला कसोटी सुरू होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात. त्या वेळी टीव्हीपुढे बसतो तो खरा क्रिकेटवेडा, आणि विसाव्या षटकाच्या सुमाराला त्याला भूकही लागतेच. तिकडचे प्रेक्षक मैदानात मीट पाय खातात: तळहातावर मावणारी, आत रसरशीत खिमा आणि वरून टोमॅटो सॉस घातलेली कचोरीच म्हणा ना! हा प्रकार आपल्या स्वयंपाकघरात आणायचा तर करंजीहून सोयीचं काय आहे?

कणकेत थोडा मैदा, कडकडीत तुपाचं मोहन. सारणाला खिमा किंवा मटार, आलं-लसूण, गोडा मसाला. रस इतका आटवायचा की कालथा फिरवल्यावर कढईचा तळ दिसावा. आणि सारण पूर्ण गार झाल्याशिवाय पारीत भरायचं नाही; वाफ कोंडली की करंजी ओव्हनमध्ये उकलते. उतावळ्यांची विकेट पडते ती इथेच. कडेला कातण न फिरवता हाताने मुरड घातली तर सॉसमध्ये बुडवतानाही ती सुटत नाही. तळणाऱ्यांनी खुशाल तळावी. मला भाजलेलीच आवडते.

२०२० साली ॲडलेडला ३६ धावांत गुंडाळलेला आपला संघ आठवडाभराने मेलबर्नला उतरला. अजिंक्य रहाणेने ११२ धावा काढल्या, आपण ८ गडी राखून जिंकलो. अशा सामन्यासाठी सारण आदल्या रात्रीच करून ठेवावं. रहाणे खेळत असताना गॅसपाशी कोण उभं राहणार?