औंढ्याचे देऊळ आणि इतिहासाचा पाया

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या देवळाची एक आख्यायिका महाराष्ट्रभर सांगितली जाते. देवळासमोर नामदेवांचे कीर्तन रंगले होते. पूजेत व्यत्यय येतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवले. नामदेव मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. देऊळ खरोखर फिरले का, याचा निवाडा इतिहासाला करता येत नाही. परंतु नरसीच्या शिंप्याला, म्हणजे नामदेवांना, देवळामागे जावे लागले, हे ऐकणाऱ्या एकाही पिढीला अशक्य वाटले नाही. आणि देवाने त्याची बाजू घेतली, हे सांगावेसे मात्र प्रत्येक पिढीला वाटत राहिले. इतिहासाने उलगडायच्या त्या या दोन गोष्टी. माणसांच्या मनात अशा कल्पना येतात कुठून, हाच प्रश्न आरंभीच्या समाजवादी तत्त्वज्ञानाने हाती घेतला होता. त्याचे उत्तर औंढ्याच्या पायरीवर तपासून पाहिले, तर त्याचे बळ दिसते आणि उणीवही दिसते.

अठराव्या शतकातले फ्रेंच जडवादी म्हणत, की माणसाची मते परिस्थितीतून घडतात; आणि परिस्थिती कशाने बदलते असे विचारले, की मतांनी, असे सांगत. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी सेंट-सिमॉनने मालमत्तेच्या व्यवस्थेकडे आणि उद्योगाकडे लक्ष वेधले. मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४५-४६ मध्ये ‘जर्मन आयडिऑलॉजी’ लिहिताना हा धागा पुढे नेला, आणि १८५९च्या एका प्रस्तावनेत मार्क्सने त्याला सूत्राचे रूप दिले. जगण्याची साधने निर्माण करताना माणसे एकमेकांशी ठरावीक संबंधांत बांधली जातात; हे संबंध म्हणजे समाजाचा पाया, आणि कायदा, राज्य, धर्म, तत्त्वज्ञान हा त्यावरचा इमला. पाया हलला, की आज ना उद्या इमलाही हलतो. माणूस केवळ पोटासाठी जगतो, असे हा सिद्धान्त सांगत नाही. विचारांचा उगम शोधताना आधी कामाकडे पाहा, एवढीच त्याची मागणी आहे.

ही मागणी मान्य केली, की वारकरी संतांचा काळ वेगळा दिसू लागतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयाचे श्रेय संतांच्या शिकवणीला दिले; इतिहासकार राजवाड्यांनी त्याच शिकवणीवर समाजाला निष्क्रिय केल्याचा ठपका ठेवला. निष्कर्ष उलटे असले, तरी विचारच इतिहास घडवतो, हे दोघांनीही गृहीत धरले होते. हे विचार त्याच घरांतून, त्याच काळात का उमटले, हा प्रश्न त्यामुळे मागे राहिला. गं. बा. सरदारांनी १९५० मध्ये संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती तपासली, तेव्हा तो पुढे आला. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, जनाबाई दासी, चोखामेळा महार: ही नावे म्हणजे जणू गावच्या कष्टाची यादीच आहे. दुसरीकडे यादवांच्या दरबारातला हेमाद्री ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रते, दाने आणि श्राद्धे यांचा प्रचंड पसारा मांडत होता. त्या धर्माला सवड लागत होती, द्रव्य लागत होते. नामस्मरणाला यांपैकी काहीच लागत नाही. ते सुई चालवताना होते, माती तुडवताना होते, दळताना होते. कष्टकऱ्याच्या दिवसात मावेल असा धर्म कष्टकऱ्यांनी घडवला. इथवर सिद्धान्त खरा उतरतो.

पुढे मात्र तो अडखळतो. ज्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची एक छावणी हिंगोलीत होती, तिच्या खर्चाची थकबाकी पुढे करून ईस्ट इंडिया कंपनीने १८५३ मध्ये निजामाकडून शेजारचे वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतले. त्याच वर्षी मार्क्सने ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये भाकीत केले, की रेल्वेतून जन्मणारा आधुनिक उद्योग जातींच्या मुळाशी असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढील. रेल्वे आली, वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि मँचेस्टरला गेला, गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. पण त्याच मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगारांना त्याचा विटाळ वाटे. १९२८च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. यंत्र बदलले होते, मालक बदलले होते, जात मात्र साच्यापाशी उभी होती.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये घेतलेला आक्षेप म्हणूनच सर्वांत वजनदार आहे. सत्ता केवळ मालमत्तेतून येत नाही, धर्म आणि सामाजिक प्रतिष्ठा हेही तिचे उगम आहेत. आणि जात ही श्रमाची नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी समाजवाद्यांना बजावले. यावरून इतिहासाची भौतिक मीमांसाच टाकून द्यावी, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. कोणी कोणते काम करायचे, त्याला कोणते बलुते मिळायचे आणि कोणाला जमीन मिळायची नाही, हे जर जन्माने ठरत असेल, तर जात हाच इथला उत्पादनसंबंध आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नावाने होणारी शेतकऱ्याची लूट मांडली, तिथे धर्म हीच एक वसुली आहे. युरोपात वरच्या मजल्यावर ठेवता येणारी गोष्ट आपल्याकडे पायातच चिणलेली होती. औंढ्याच्या आख्यायिकेत पुजाऱ्याच्या तोंडून केवळ श्रद्धा बोलत नाही. गावाची सगळी कामवाटणी बोलते.

आणखी एक आक्षेप उरतो. सर्व काही पायाच ठरवत असेल, तर नामदेवांचे कर्तृत्व कुठे राहिले? शिंपी तर गावोगाव होते. एंगल्सने १८९०च्या एका पत्रात स्वतःच कबुली दिली, की आर्थिक घटक हाच एकमेव निर्णायक घटक आहे, असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते. परिस्थिती प्रश्न उभा करते. उत्तर माणसाला द्यावे लागते. नामदेव पंजाबपर्यंत गेले, त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात विराजमान झाली. ही झेप कोणत्याही व्यवसायातून आपोआप निघत नाही. पण झेपेलाही मर्यादा होती. भक्तीने देऊळ फिरवले. गावाची वाटणी फिरवली नाही. चोखोबांना विठ्ठल भेटला, तरी देवळाच्या आत जागा मिळाली नाही.

आज हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात. त्या हळदीचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याने भाव, पाऊस आणि राजकारण जरूर नोंदवावे. पण शेत कोणाचे, खुरपे कोणाच्या हाती आणि त्या हाताची जात कोणती, हे तीन प्रश्न एकत्र विचारावेत. यांतला एक जरी गाळला, तरी तो इतिहास अपुरा राहील.